अंबूबाईनं झाकलेलं लेकरू

विट्यात आमच्या पेठेत जो जन्मला त्याला जगातला पहिला हात लागला तो अंबूबाईचा. मलाही तिचाच. आणि हे ती कधी विसरू द्यायची नाही. मी मिशा राखल्या, तंबूतल्या सिनेमाचा ऑपरेटर झालो, लग्न केलं, तरी रस्त्यात दिसलो की चार माणसांत ओरडायची, "हुसेना, उलटा आलतास तू. पाय आधी, डोकं मागनं. तुझ्या आईला आन मला घाम फोडलास. अजून तसाच हायस, उलट्या डोक्याचा." लोक हसायचे आणि मी चिडायचो. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. ही हकिकत सांगताना तो बऱ्याचदा येणार आहे, आणि निम्म्या वेळा माझा मलाच येणार आहे.

बाई ठेंगणी, काळीसावळी, चालायला वाऱ्यासारखी. नवरा पहिल्या लढाईत पलटणीबरोबर गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून सुईणपण हाच तिचा संसार. तिला बसून राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. बाळंतिणीच्या उशाशी तेवढी ती बसे, तीही उकिडवी, केव्हाही उठायच्या बेतानं.

तिची एक रीत होती, ती नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. मूल जन्मलं, न्हाऊन झालं, की ती त्याच्या पायात नजरेचा काळा दोरा बांधायची. मग त्याला जुन्या, धुऊन मऊ झालेल्या पदरात गुंडाळायची आणि खोलीतून बाहेर येताना उंबऱ्यावर पदराचं टोक अलगद त्याच्या तोंडावर ओढायची. वारं लागू नये, कुणाची नजर लागू नये म्हणून. तसंच झाकलेलं मूल ती आजीच्या मांडीवर ठेवायची आणि आजीनं आपल्या हातानं पदर बाजूला करायचा. नातवाचं पहिलं तोंड आजीनं बघायचं. हिंदूंच्या घरात असंच आणि आमच्या मुसलमानांच्या घरातही असंच. तिच्या हाती आलेल्या शेकड्यांनी पोरांची तोंडं अशीच झाकली आणि अशीच उघडली गेली.

चव्वेचाळीस साली पौषात अंबूबाई यमाईच्या यात्रेला औंधला गेली. जवळच्या वाडीत तिची बहीण दिलेली होती, तिच्याकडे राहिली. बहिणीच्या शेजारी राहीबाई नावाची एक तरुण पोर होती, नवरा लष्करात, लढाईवर. नेमकं तेव्हाच तिचं पोट दुखायला लागलं. अंबूबाईनं तिला सोडवलं. मुलगा झाला. त्याच सुमाराला कोल्हापूरची कसलीशी सिनेमा कंपनी डोंगराच्या पायथ्याला राहुट्या ठोकून ऐतिहासिक चित्र काढत होती. त्यांना तान्हं मूल हवं होतं. कुणीतरी राहीबाईचं नाव सांगितलं. राहीबाई मूल घेऊन गेली आणि तिच्याबरोबर अंबूबाई, ओल्या बाळंतिणीला एकटी कशी सोडायची म्हणून.

सुईणीचं काम करायला कंपनीनं एक नटी आणली होती. तिनं पोर हातात घेतलं ते रिकामी घागर धरावी तसं. झालं, अंबूबाई सगळ्या कंपनीसमोर कडाडली, "अगं बया, मान धर त्याची! मान!" आणि पोर तिच्या हातातून काढून घेतलं. डायरेक्टर बघत राहिला. म्हणाला, बाई, तुम्हीच उभ्या राहा.

गोष्ट काय आहे हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. तिला सांगितलं ते एवढंच: बाळाला गुंडाळा, तोंडावर पदर ओढा, छातीशी धरा, दाराकडे बघा. हे तर ती जन्मभर करत आली होती. दाराकडे बघितलं तेही खरंखुरं, कारण पोराच्या पिण्याची वेळ झाली होती आणि राहीबाई कुठं गेली ते ती शोधत होती. लढाईमुळे फिल्मचा तुटवडा, म्हणून एकदाच घेतलं आणि बस्स म्हणाले. कामासाठी नेसवलेलं नवं हिरवं लुगडं तिलाच देऊन टाकलं.

पुढं बहीण वारली, तिकडचं जाणं सुटलं. पण दोन वर्षं अंबूबाई विट्यात सांगत हिंडली, "माझा शिनिमा येनार हाय."

आला तो सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात, आमच्याच तंबूत. तंबू लालासाहेबांचा. हे कडेगावचे बागाइतदार, उसाचं चांगलं चालू असताना यांना सिनेमाचं वेड लागलं. मी त्यांचं मशीन चालवायचो. फिल्मच्या पेट्या दुपारी मोटारीनं आल्या आणि दिवेलागणीला खेळ, त्यामुळे मीही ते चित्र आधी पाहिलेलं नव्हतं. नाव सांगत नाही. आठवलं तरी डोकं फिरतं.

आमच्याकडे मशीन एकच. दर दहाबारा मिनिटांनी रीळ संपे, दिवे लागत, मी दुसरं चढवी. त्या दोन मिनिटांत तंबू निवाडा करायचा. कोण चांगलं, कोण वाईट, कुणाला फाशी द्यायची, सगळं तिथंच ठरायचं. त्या दिवशी पहिल्या रिळाला थोरली राणी आवडती झाली, कारण ती रडली. तिसऱ्या रिळाला धाकटी राणी नावडती झाली, पण तिची नथ बघायला कनातीपलीकडच्या बायकांच्या माना लांब झालेल्याही मी पाहिल्या. अंबूबाई ते हिरवं लुगडं नेसून बायकांच्या बाजूला सगळ्यांत पुढं, खांबाला धरून उभी. बसायची सवयच नाही.

सहाव्या रिळात थोरली राणी बाळंत झाली आणि पडद्यावर अंबूबाई आली. काय शिट्ट्या! काय टाळ्या! तिनं पोर घेतलं, गुंडाळलं, पदर ओढला. तंबूतली अंबूबाई आनंदानं ओरडली, "राहीचं पोर हाय ते! बघा कसं गप पडलंय!" पडद्यावरच्या अंबूबाईनं दाराकडे बघितलं. मग समई विझली. मग धाकट्या राणीकडून एका म्हाताऱ्या हातात सोन्याच्या पुतळ्यांची माळ पडली. तो हात कुणा भलतीचा होता, पण ते कुणाला कळणार? आणि मग थोरली राणी किंचाळली. गादीचा वारस गेला होता. सुईणीनं पदराखाली त्याचा श्वास कोंडला होता.

मग पहिलं ढेकूळ पडद्यावर बसलं. मग चपला. मग असल्या शिव्या, की मी लिहीत नाही. रीळ संपलं, मी दिवे लावले, आणि उजेडात सगळ्यांना त्याच काठाचं लुगडं नेसलेली तीच बाई खांबाला धरून उभी दिसली. तिच्या आजूबाजूच्या बायका सरकल्या. एकीनं आपलं पोर मांडीवरून उचलून पाठीमागं घेतलं. अंबूबाई सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. तिला अजून नीट कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कळलं. पाणवठ्यावर बायका गप्प झाल्या. शिंप्याच्या घरी सून अवघडलेली होती, तिथून निरोप आला की नको येऊ. मग आणखी एका घरून आला. मी पुष्कळ विचार केला, की लोकांनी धाकट्या राणीला का नाही एवढं धरलं? कट तर तिचा होता. पण राणी त्यांनी कुठं पाहिली होती? राणी कुणाच्या घरी बाळंतपणाला येत नाही. सुईण येते. तिच्या हातात आपण जीव देतो. त्यात त्या कंपनीनं तिचा चेहरा असा काही पकडला होता, की तिच्याइतकं मायेनं कुणी पोर धरलंच नसेल. मायेनं धरून मारते, हे लोकांना फार लागलं. धाकट्या राणीसारखे डोळे वटारले असते तर कदाचित सोडलंही असतं.

आता माझ्या घराचं सांगतो. माझी बायको सलिमा पहिलटकरीण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. आईनं सिनेमा पाहिलेला नव्हता. नुसतं ऐकूनच तिनं ठरवलं. घरात आमची बोली वेगळी, पण तिचं म्हणणं मराठीतच सांगतो: "अंबूला या वेळी बोलवायचं नाही. खालच्या आळीतल्या तानुबाईला सांगून ठेव."

"आई, तो सिनेमा आहे. सगळं खोटं असतं त्यात."

"मला कळतंय खोटं असतं. पण मला ते बघून आलेल्या बायका भेटल्यात. आता तो पदर तोंडावर ओढला की मला दुसरं काही सुचणार आहे का?"

मी ऑपरेटर. एका खेळात मान उडालेला सरदार पुढच्या आठवड्यात नवरदेव होऊन येतो, हे रोज बघणारा माणूस. मी भांडायला हवं होतं. आणि मी काय केलं? गप्प बसलो. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. सलिमेच्या उशाशी अंबूबाई आणि बाहेर मी, असं मनात आलं की मलाही ती समई विझताना दिसायची. जिनं मला उलटं असताना सुलटं करून जगात आणलं तिच्याविषयी हे माझ्या मनात आलं. लाज वाटते. पण आलं.

अंबूबाईचं मात्र बसणं आधीच नव्हतं, आता उभं राहणंही गेलं. दिवसभर इकडून तिकडं. मी तंबूत फिल्मचे तुटके तुकडे चिकटवत बसलेला असायचो, तिथं ती यायची, दाराशी फेऱ्या मारायची.

"हुसेना, त्यो तुकडा काढून टाक."

"मावशी, कंपनीची फिल्म आहे. मी कापली तर कंपनी मला कापंल."

"मग खाली लिव की मी मारलं न्हाई म्हनून."

"आणि लिहिलेलं वाचणार कोण?"

एकदा मी वैतागून सहावं रीळ काढलं, त्या जागेपाशी उलगडलं आणि उजेडासमोर धरलं. म्हटलं बघ, हे असे नुसते तिकिटाएवढे तुकडे असतात, यात कुणी मरत नाही की जगत नाही. तिनं डोळे बारीक करून बघितलं. एकेक चौकट बोटानं पुढं सरकवली. मग एकदम माझा दंड धरला. "हे बघ. हितं त्याची बोटं मिटल्याती. आन हितं उघडी. पाय हालवतोय त्यो! पदराच्या खाली पाय हालतोय न्हवं का!"

मी बघितलं. खरंच. पदर तोंडावर ओढल्यावर गुंडाळ्यातून पोराचा डावा पाय बाहेर आला होता आणि त्याची बोटं फाकत होती, मिटत होती. दुसऱ्यांदा घ्यायला फिल्म नव्हती म्हणून कंपनीनं तसंच राहू दिलं होतं. इतके खेळ केले, माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. शिव्या घालणारं माणूस पायाकडे कशाला बघतं? तोंडाकडे बघतं.

त्या दिवसापासून ती रोज खेळाला येऊ लागली. सहावं रीळ लागलं की पुढं जाऊन उभी, हात वर करून, "पाय बघा! त्याचा पाय बघा! जित्तं हाय ते!" लोक आणखी चेकाळायचे. कुणी म्हणे, मारून वर ओरडती बघ. कुणी ढेकूळ तिच्याच दिशेनं टाके. लालासाहेबांचा तंबू भरभरून वाहत होता. आसपासच्या गावांतनं गाड्या येत होत्या, पडद्यावरची सुईण आणि तंबूतली सुईण दोन्ही बघायला. लालासाहेब मला म्हणाले, "बाईला आडवू नगंस रं. येऊ दे." मी त्यांच्यावर ओरडलो. पण मशीन चालवतच राहिलो.

मग एका सकाळी ती माझ्या दारात आली. आत आली नाही. गाठोडं काखोटीला. "औंदला चाललो. राहीचं पोर आनतो. चालाय लागलं आसंल आता, सव्वादोन वर्साचं झालं. तंबूत हुबं करतो सगळ्यांच्या म्होरं. मग बघू कोन काय बोलतंय." मग आतल्या दाराकडे बघून, आत माझ्या आईला ऐकू जाईल असा आवाज चढवला, "रशीदा! दोन दिसांनी खेळाला ये. एकदा आपल्या डोळ्यांनी बघ, मग तुझं तू ठरीव."

आत आईनं भांडी आपटली. सलिमा भिंतीला टेकून बसली होती, ती माझ्याकडे बघत राहिली. ते दोन दिवस मीही काही धड केलं नाही. मशीनला तेल घालायचं विसरलो, दोनदा रीळ उलटं चढवलं. माझ्याही मनानं घेतलं होतं, की ते पोर आलं की सगळं सुटेल.

तिसऱ्या दिवशी मोटार थांबली तेव्हा मी अड्ड्यावर होतो. अंबूबाई उतरली. मागून एक बाई उतरली, चोविसेक वर्षांची, वाळलेली. राहीबाईच असणार, पण हात रिकामे. मी मोटारीत वाकून बघितलं. आत दुसरं कुणी नव्हतं.

त्या बाईला पाणी प्यायला बसवून अंबूबाई माझ्याकडे आली. "गेलं ते," म्हणाली. "गेल्या आखाडात. डांग्या खोकल्यानं. मला कळलंच न्हाई रं."

"मग हिला कशाला आणलंस?" मी दबक्या आवाजात ओरडलो. "लोकांना कळलं तर काय म्हणतील? बघा, शेवटी मेलंच ते, म्हणतील! जन्मात कुणी उंबऱ्याला उभं करणार नाही तुला!"

"कळतंय मला."

"मग?"

अंबूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "मी तिला सांगाय गेलो का पोर दे. तिनं सांगितलं पोर न्हाई. मग म्हनली, मावशी, त्या शिनिमात दिसतंय का माझं लेकरू? म्हटलं दिसतंय. हालतंय का? म्हटलं पाय हालतोय. मग आता काय सांगू तिला, येऊ नगंस म्हनून?"

मी तिचं गाठोडं उचललं आणि पुढं चालू लागलो.

त्या दिवशी आई आली. चादर लपेटून बायकांच्या बाजूला बसली. राहीबाई आणि अंबूबाई खांबापाशी. लोकांना वाटलं अंबूबाईनं नात्यातली कुणी आणली असेल. पहिली पाच रिळं मी कशी चालवली मला ठाऊक नाही. राहीबाई राण्यांकडे बघतही नव्हती. दर वेळी दिवे लागले की अंबूबाईला विचारायची, "आता?"

सहावं रीळ लागलं. सुईण आली आणि तंबू सवयीनं उसळला. शिट्ट्या, शिव्या. पदर ओढला गेला. त्या गोंधळात एक आवाज वर चढला, असा की सगळ्या शिव्या त्याच्याखाली गेल्या. "हाललं! हाललं माझं बाळ! पाय हालीवला त्यानं!"

राहीबाई पडद्यापर्यंत धावली आणि पडद्यावरच्या पायावर तिनं तळवा ठेवला. मशीनचा झोत तिच्या पाठीवर पडला, आणि पाय तिच्या हातावर आला. मग समई विझली.

मी तिथंच मशीन बंद केलं, दिवे लावले. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "तुझं पोर हाय व्हय ते? मग जित्तं हाय म्हन की. आनलं का न्हाईस?"

"गेलं," राहीबाई म्हणाली. "खोकला झालता. त्याच्या बापानंबी बघितलं न्हाई. लढाईवरनं आला तवा गेलं हुतं."

मी अंबूबाईकडे बघितलं. ती खाली बघत होती. कुजबुज सुरू झालीच: मेलंच की मग, हिचा हात लागला आन चांगलंच सोनं झालं म्हणायचं. ते राहीबाईच्या कानावर गेलं की नाही कोण जाणे. ती माझ्याकडे वळली. "दादा, पुन्ना दाखवा. आन तिथं थांबवा वाईच."

"थांबवता येत नाही, बाई. थांबवली की दिव्याच्या आचेनं फिल्म जळते."

तिनं मान हलवली. "मग जाळू नगा. नुस्तं पुन्ना दाखवा."

मी हातानं रीळ मागं फिरवलं. लालासाहेब वीज देणाऱ्या इंजिनाच्या तेलावरून बोलत आत आले, पडद्यापाशी उभ्या त्या बाईला बघितलं आणि स्वतःच जाऊन इंजिनापाशी बसले. मी दिवे घालवले. पुन्हा सुईण आली. पुन्हा पदर ओढला. या वेळी कुणी ओरडलं नाही. बोटं फाकली, मिटली. मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "हालतंय व्हय." मी पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा सगळा तंबू त्या पायाकडे बघत होता. सातवं रीळ मी त्या दिवशी लावलंच नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

सगळं सुटलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर दोन तट पडले. काही बायका म्हणाल्या, बिचारी. काही म्हणाल्या, हिनं हात लावलेलं पोर जगलं का ते सांगा. शिंप्याच्या घरून निरोप आलाच नाही. अंबूबाई राहीबाईला मोटारीत बसवून आली आणि घरात गेली. तिचं दार दोन दिवस लोटलेलं होतं. तिच्या घरासमोरून जाताना मी पाय उचलायचो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सलिमेला कळा सुरू झाल्या. आई चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. मी विचारलं, "तानुबाईला आणू?" ती चुलीत लाकूड सारत राहिली. पाणी उकळत होतं. सलिमा ओरडली. मी पुन्हा विचारलं, आता रागानं. आई थांबली.

"त्या पोराच्या पायात दोरा होता," ती म्हणाली. "काळा दोरा. तू बघितलास?"

"कुठल्या पोराच्या?"

"पडद्यावरच्या. अंबूनंच बांधला असणार. ज्याला मारायचं त्याच्या पायात नजरेचा दोरा कोण बांधतं? ती माळ तिनं घेतलीच नसेल. जा, अंबूला आण."

बघा म्हणजे. आई अजूनही सिनेमा खराच धरून चालली होती, आणि त्यातच तिनं अंबूबाईला सोडवलं होतं. मी धावलो.

अंबूबाई दार लोटून आत येरझाऱ्या घालत होती. म्हटलं, मावशी, चल. ती म्हणाली, "मी नगं. काय वंगाळ झालं तर तुझ्या घरावरबी बोट यील. तानुला ने."

"मी उलटा आलो तेव्हा तू तानुला बोलावलंस का?" मी ओरडलो. आयुष्यात एवढा एकच राग मला कामी आला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि खुंटीवरचं जुनं लुगडं काढलं.

मी बाहेर ओसरीवर. किती वेळ गेला मोजला नाही. सलिमेचं ओरडणं, अंबूबाईचं ओरडणं, मग एक तिसरं, बारीक, फार रागावलेलं ओरडणं. मी भिंतीला डोकं टेकलं आणि रडलो.

मग खोलीचं दार उघडलं. आई पाटावर मांडी घालून बसली होती, हात पसरून. उंबऱ्यावर अंबूबाई उभी राहिली, मुलाला जुन्या पदरात गुंडाळून. पायात काळा दोरा होता. मुलाचं लालभडक तोंड उघडं होतं आणि दारातून चैत्राचं वारं सरळ आत येत होतं. अंबूबाईचा हात पदराच्या टोकापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. पुढं येईना.

"रशीदा," ती म्हणाली, "तसंच घे. उघडंच."

आईनं हात मागं घेतले.

"तसं कसं घेऊ?" आई म्हणाली. "झाक की गं त्याचं तोंड. मग मी उघडायचं काय?"